घरचं टेंडर की बेळगावचं? सीमेवरच्या लहान ठेकेदारासाठी दोन राज्यांच्या नियमांची तुलना

चंदगडच्या माणसाचा दवाखाना बेळगावात, लग्नाचा बस्ता बेळगावात, ट्रॅक्टरचे स्पेअर पार्टही बेळगावातच. जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर, पण ते कागदोपत्री. गडहिंग्लजहून संकेश्वर तर चहा निवायच्या आत येतं. खडी पलीकडून अलीकडे येते, सेंट्रिंगवाले अलीकडून पलीकडे जातात. फक्त टेंडर मात्र सीमा ओलांडत नाही.

मी टेंडर भरून देणारा माणूस आहे. स्वतः कधी काम घेतलं नाही, पण दुसऱ्यांच्या कामांचे कागद एवढे हाताळले की कुठे पाणी मुरतं ते कळतं. परवा एक तरुण ठेकेदार येऊन बसला. उलाढाल तीन कोटींच्या आसपास, एक जेसीबी, एक रोलर, दोन टिपर. म्हणाला, "दादा, इथं नुसती झुंबड उडालीय. वीस-बावीस टक्के बिलो जातायत लोक. यंदा कर्नाटकात भरू का?"

बिलो म्हणजे खात्याने काढलेल्या किमतीपेक्षा कमी दर टाकणं. त्याला तोंडी जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितो. जत, अक्कलकोट, निपाणीच्या आसपासच्या, कोटी-दोन कोटींच्या आतली कामं करणाऱ्या कुणालाही ते लागू पडेल. पन्नास कोटींचे पूल बांधणाऱ्यांनी वाचलं नाही तरी चालेल, त्यांच्याकडे वकील असतात.

कागद कशावर उभा आहे

सगळ्यात मोठा फरक हा, आणि नेमका तोच कुणी बघत नाही. कर्नाटकात सरकारी खरेदी आणि बांधकामाच्या निविदांसाठी विधिमंडळाने केलेला कायदा आहे: कर्नाटक सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा, १९९९. तिकडे सगळे त्याला केटीपीपी म्हणतात. तो ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि त्याखालचे नियमही त्याच वर्षी आले. सरकारी खात्यांबरोबर महापालिका, मंडळं, सरकारी कंपन्या असे सगळे त्यात येतात. निविदा कोण काढणार, छाननी कोण करणार, स्वीकारणार कोण, या प्रत्येक खुर्चीला कायद्यात नाव आहे.

महाराष्ट्रात असा कायदा नाही. आपला सगळा कारभार शासन निर्णय (जी.आर.), बांधकाम विभागाची नियमावली आणि छापील निविदा नमुने यांवर चालतो. बांधकाम खात्याने २७ सप्टेंबर २०१८ च्या शासन निर्णयात निविदेची बरीचशी कार्यपद्धती एकत्र केली, पण त्याच्या आगेमागे सुधारणांची रांग आहे. ई-निविदेची मर्यादाच घ्या. एकेकाळी तीन लाखांवरच्या कामाला ती सक्तीची होती, पुढे ती मर्यादा वाढली. ग्रामविकासचा जी.आर. वेगळा, बांधकामचा वेगळा, नगरविकासचा आणखी वेगळा.

"आपल्याला काय करायचाय कायदा न् जी.आर.? काम मिळालं म्हणजे झालं," असं तो पोरगा म्हणाला. काम मिळतं तोवर खरंच काही फरक पडत नाही. फरक पडतो तो काम हातचं जातं तेव्हा.

समजा, तुमचा देकार सगळ्यात कमी होता आणि तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे पात्रतेच्या कागदांत, काहीतरी खुसपट काढून दुसऱ्याला काम दिलं. कर्नाटकात निविदा स्वीकारल्याच्या आदेशाविरुद्ध कायद्याच्या कलम १६ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी ठरवून दिलेला अधिकारी आहे आणि ऐकून घेणं त्याला भाग आहे. हायकोर्टाची पायरी चढण्याआधीची ही पायरी लहान ठेकेदाराला परवडते.

आपल्याकडे आधी कार्यकारी अभियंत्याला पत्र, मग अधीक्षक अभियंत्याला पत्र, मग आमदाराच्या लेटरहेडवर पत्र, आणि हे सगळं होईस्तोवर समोरच्याचा नारळ फुटलेला असतो. शेवटी उरते ती हायकोर्टातली रिट याचिका. त्यात एक चांगली गोष्ट अशी झाली की १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गही त्यातच येतात. मुंबईच्या वकिलाची फी आणि लॉजचं भाडं वाचलं. पण रिट म्हणजे अपील नव्हे, हे ध्यानात ठेवा. १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने घालून दिलेली चौकट अजून कायम आहे: कोर्ट निर्णय कसा घेतला ते तपासतं, टेंडर कुणाला द्यायला हवं होतं हे ठरवत बसत नाही. मनमानी किंवा दुजाभाव दाखवता आला तर कोर्ट ऐकतं. "माझा दर कमी होता" एवढ्यावर नाही.

कर्नाटकचा कायदा म्हणजे रामराज्य असंही समजू नका. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये सवलती आहेत: आपत्तीची कामं, ठरावीक रकमेखालची कामं, आणि सरकार अधिसूचना काढून ज्याला सूट देईल ती कामं. या शेवटच्या दारातून केआरआयडीएलसारख्या सरकारी संस्थेकडे निविदेशिवाय भरपूर कामं जातात आणि तिकडचे ठेकेदार त्यावरून कायम कुरकुरत असतात. ती कामं पुढे पोटठेकेदारांकडेच येतात. कुणाकडे, हे ओळखीवर ठरतं आणि तुमची ओळख अलीकडची आहे.

मुदत

केटीपीपीच्या २००० च्या मूळ नियमांत निविदा भरायला दोन कोटींपर्यंत किमान ३० दिवस आणि त्यावर किमान ६० दिवस ठेवले होते. मुदत कमी करायची तर निविदा काढणाऱ्यापेक्षा वरच्या अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवायचं. दिवसांचे आकडे दुरुस्तीने बदलतात, म्हणून चालू नियम १७ बघून घ्या. "आठवड्यात का उरकलं?" असा प्रश्न विचारायला तिकडे नियमाचा आधार मिळतो, मुद्दा तो आहे.

आपल्याकडेही पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मागणीचे (तीच निविदा कितव्यांदा काढली त्याचे) दिवस ठरलेले आहेत. पण मार्च जवळ आला की अल्पमुदतीच्या सूचनांचा पाऊस पडतो. मधे शनिवार-रविवार आणि धुळवड धरून मोजले तर हातात चारच दिवस राहतात. ज्याला आधीच ठाऊक असतं त्याची कागदं तयार असतात. बाकीचे पोर्टलवर चाक फिरताना बघत बसतात.

बिलो: आपल्याकडे सूत्र, तिकडे साहेबाची मर्जी

आता खरा पैशाचा विषय. इथे जरा थांबून हिशेब करू.

महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यात लहान कामं बहुतेक बी-१ नमुन्यावर निघतात, म्हणजे टक्केवारीची निविदा. प्रत्येक बाबीचा दर खात्याने दरसूचीवरून आधीच लिहिलेला असतो. आपण फक्त "इतके टक्के कमी" किंवा "जास्त" एवढंच टाकायचं. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर आपण भरायचा, आणि सी नमुना ठोक रकमेचा. बी-१ सोपा आहे म्हणूनच त्यात माणसं वाहवत जातात. एकच आकडा टाकायचा असतो. बारा टाकायच्या जागी रागाने एकवीस टाकला की झालं.

याला लगाम म्हणून खात्याने अतिरिक्त सुरक्षा ठेव आणली. तिचं सूत्र असं: दहा टक्क्यांपर्यंत बिलो असाल तर एक टक्का. दहाच्या वर पंधरापर्यंत, दहाच्या वरचे जितके टक्के तितके, अधिक तो आधीचा एक. पंधराच्या पुढे गेलात तर पुढच्या प्रत्येक टक्क्याला दुप्पट.

चाळीस लाखांचं काम धरा. बारा टक्के बिलो गेलात तर एक अधिक दोन, म्हणजे तीन टक्के: १ लाख २० हजार. एकोणीस टक्के बिलो गेलात तर एक, अधिक पाच, अधिक चारची दुप्पट आठ, मिळून चौदा टक्के: ५ लाख ६० हजार. आणि पंचवीस टक्के बिलो? एक, पाच आणि वीस, म्हणजे सव्वीस टक्के. १० लाख ४० हजार रुपये ठेव आणि हातात येणारं काम तीस लाखांचं. कामाच्या एक तृतीयांशाहून जास्त रक्कम बँकेत अडकली, वर नेहमीची सुरक्षा ठेव वेगळीच. ती अर्धी सुरुवातीला आणि अर्धी चालू बिलातून कापून जाते.

तरी लोक बावीस टक्के बिलो जातातच. कुणी सावकाराचं व्याज भरून एफडीआर (बँकेच्या मुदत ठेवीची पावती) आणतं, कुणी खडीच्या थराची जाडी कमी करतं. बाकीचं मी लिहीत नाही. पण या सूत्राचा मोठा गुण असा की ते आधीच माहीत असतं. टेंडर भरण्याआधी कागदावर गणित मांडता येतं आणि साहेबाला त्यात इकडचं तिकडे करता येत नाही.

कर्नाटकात केडब्ल्यू मालिकेचे प्रमाणित निविदा दस्तऐवज आहेत. आपल्या ठेकेदाराच्या आवाक्यातलं मोठं काम बहुधा केडब्ल्यू-४ वर निघतं. त्यात गोष्ट वेगळ्या तऱ्हेने येते. तुमचे दर "असंतुलित" वाटले, म्हणजे खोदाईसारख्या सुरुवातीच्या बाबींना दर फुगवलेले आणि शेवटच्या बाबींना पाडलेले असले, तर खातं दरांचं पृथक्करण मागू शकतं आणि जादा ठेव भरायला सांगू शकतं. किती, ते प्रत्येक प्रकरणात ठरतं. दर बरोबर मांडणाऱ्याला याची भीती नाही. पण ज्याला आपल्याकडे "बिलो टाकू, बघू पुढं" ही सवय लागलीय त्याला तिकडे पृथक्करणाचा कागद लिहिता येत नाही. मजुरी किती, माल किती, मशीन किती, हे प्रत्येक बाबीला सांगावं लागतं. आमच्याकडच्या दहातल्या आठ ठेकेदारांनी ते जन्मात केलेलं नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो: या एका बाबतीत महाराष्ट्राचं सूत्र लहान माणसाला जास्त सोयीचं आहे. कडू आहे, पण कडू किती ते आधी कळतं.

कपॅसिटी: दीड आणि दोन

आता तो मुद्दा, ज्यावर पोराचा चेहरा पडला.

मोठ्या कामांच्या पात्रतेत दोन्ही राज्यं एकच गणित वापरतात. गेल्या पाच वर्षांतली सगळ्यात मोठी वार्षिक उलाढाल, तिला नव्या कामाच्या मुदतीच्या वर्षांनी गुणायचं, मग एका ठरावीक गुणकाने गुणायचं आणि हातात शिल्लक असलेल्या कामांची रक्कम वजा करायची. उरेल ती तुमची ताकद. कामाची किंमत तिच्याहून जास्त असेल तर तांत्रिक लिफाफ्यातच बाद, दराचा लिफाफा उघडतच नाही.

सगळी मेख गुणकात आहे. आपल्या बांधकाम खात्याच्या बहुतेक निविदांत तो दोन असतो, कर्नाटकच्या केडब्ल्यू-४ मध्ये दीड.

या पोराची मोठ्यात मोठी उलाढाल तीन कोटी, नवं काम एका वर्षाचं, हातात अडीच कोटींची कामं बाकी. महाराष्ट्रात तीन गुणिले दोन, सहा. वजा अडीच, साडेतीन कोटी. कर्नाटकात तीन गुणिले दीड, साडेचार. वजा अडीच, दोन कोटी. माणूस तोच, जेसीबी तोच, बँकेचं खातंही तेच, आणि सीमा ओलांडली की ताकद दीड कोटीने घटली.

म्हणून तिकडे भरायचं तर हातातली दोन कामं आधी पूर्ण करून त्यांचे दाखले घ्या. पूर्णत्वाचा दाखला मिळायला आपल्याकडे कामापेक्षा जास्त दिवस लागतात, हे वेगळं सांगायला नको. काम संपलेलं असूनही दाखला नाही म्हणून ते "हातात" धरलं जातं आणि परराज्यात तुमचीच गोची होते.

हातातली कामं लपवायचा मोह आवरा. आपल्या बाजूच्या कामाचं तिकडच्या साहेबाला कोण सांगणार, असं वाटतं. दुसरा क्रमांक आलेला सांगतो. आता दोन्हीकडची पोर्टलं उघडी आहेत, कुणाला कुठलं काम लागलं ते मोबाईलवर दिसतं. प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं तर ईएमडी, म्हणजे बयाण्याची रक्कम, जाते, काळ्या यादीत नाव जातं, आणि कर्नाटकात काळ्या यादीत गेलेल्याला महाराष्ट्राच्या पुढच्या प्रत्येक प्रतिज्ञापत्रात ते लिहावं लागतं.

खुल्या ठेकेदाराच्या वाट्याला उरतं किती

हे गणित बहुतेकांनी कधी मांडलेलंच नसतं.

आपल्याकडे लहान कामांचं वाटप ठरलेलं आहे. काही मजूर सहकारी संस्थांना, काही सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, उरलेली खुल्या नोंदणीकृत ठेकेदारांना. ३३:३३:३४ हे सूत्र जिल्हा परिषदेच्या आवारात उभ्या असलेल्या चहावाल्यालाही पाठ आहे. म्हणजे तुम्ही अभियंता नसाल आणि तुमच्या नावावर संस्था नसेल तर लहान कामांतला जेमतेम तिसरा हिस्सा तुमच्यासाठी. मजूर संस्थेत खरे मजूर किती आणि संस्थेच्या नावावर काम कोण करतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्यावर इथे जास्त बोलत नाही.

कर्नाटकात वाटप वेगळ्या तत्त्वावर आहे. तिथे आरक्षण समाजगटांना आहे. सुरुवातीला ते ५० लाखांपर्यंतच्या कामांत होतं: अनुसूचित जातींना १७.१५ टक्के आणि जमातींना ६.९५ टक्के. पुढे मर्यादा एक कोटीवर गेली आणि मागासवर्गांचे दोन गट आले, प्रवर्ग १ ला ४ टक्के आणि २-अ ला १५ टक्के. सगळं मिळून ४३ टक्क्यांच्या आसपास. मार्च २०२५ मध्ये मर्यादा दोन कोटींवर नेणारं आणि २-ब प्रवर्गात मुस्लिमांना ४ टक्के देणारं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, त्यावर बराच गदारोळ उठला आणि राज्यपालांनी ते राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवलं.

याचा तुमच्यासाठी अर्थ दोन प्रकारचा. खुल्या ठेकेदाराला एक कोटीच्या आतली निम्म्याहून जास्त कामं तिकडे खुली राहतात, इथल्या लहान कामांत एक तृतीयांशच. नुसत्या टक्केवारीने बघितलं तर पलीकडे मैदान मोठं दिसतं. पण दोन्ही राज्यांच्या रकमेच्या मर्यादा सारख्या नाहीत, म्हणून आकडे एकमेकांसमोर ठेवताना जरा सांभाळून.

दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा. तुम्ही महाराष्ट्रात अनुसूचित जातीचे असाल तर तो दाखला कर्नाटकाच्या आरक्षणाला चालत नाही. जातींच्या याद्या राज्यागणिक आहेत आणि दुसऱ्या राज्यात गेल्यावर तो हक्क बरोबर येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच ठरवलं. तो खटला मुंबईतल्या मेडिकल प्रवेशाचा होता, आंध्रातून आलेल्या मुलाचा. तेच तत्त्व इथे ठेकेदाराला लागतं. गेल्या वर्षी एकाने आरक्षित कामाला आपला दाखला जोडला, मला न विचारता. निविदा बाद झाली, आणि वर साहेबाने त्याला मराठीतून समजावलं म्हणून त्याला जास्त वाईट वाटलं.

नोंदणी, पोर्टल आणि बाकीची वरकामं

महाराष्ट्रात ठेकेदारांचे वर्ग १-अ पासून खाली बरेच आहेत, कर्नाटकात वर्ग १ ते ४. कुठल्या वर्गाला किती रकमेपर्यंतचं काम, ते दोन्हीकडे वेगळं. आपली नोंदणी तिकडे आपोआप चालेल असं धरू नका. पात्रतेच्या कलमात "समकक्ष नोंदणी" असे शब्द आहेत का ते बघा. नसतील तर तिकडच्या खात्यात नोंदणी करा, आणि ती निविदा निघाल्यावर होत नाही, आधी करावी लागते.

पोर्टल वेगळं: आपलं महाटेंडर्स, तिकडचं केपीपीपी. डिजिटल सही वर्ग ३ चीच लागते. कायद्याप्रमाणे निविदा तिकडे टेंडर बुलेटिनमध्येही येतात. लहान पंचायतींच्या नोटिसा कन्नडमध्ये असतात. निपाणी-संकेश्वरकडचा एखादा वाचणारा माणूस हाताशी ठेवा, गूगलवर विसंबू नका. एकाला भाषांतरात "देखभाल" हा शब्द दिसलाच नाही आणि पाच वर्षांची दुरुस्ती गळ्यात पडली.

रॉयल्टीत गंमत आहे. आपण ब्रासमध्ये विचार करतो आणि गौण खनिजाचा दर २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये. कर्नाटकात हिशेब टनावर आणि नियम वेगळे. पलीकडच्या क्रशरची खडी इकडच्या कामाला वापरलीत किंवा उलट केलंत, तर ज्या राज्यातून माल उचलला त्याचा वाहतुकीचा पास हातात पाहिजे. पास नाही तर बिलातून रॉयल्टी कापली जाते, वर दंडाची भीती वेगळी. दर भरताना खडीचा भाव विचारता ना? मग "पाससकट की पासशिवाय?" हेही विचारा.

जीएसटी सरकारी कामाला जुलै २०२२ पासून बारावरून अठरा टक्के झाली, ती दोन्हीकडे सारखीच. बांधकाम कामगार उपकर एक टक्का, तोही सारखा. फरक एवढाच की महाराष्ट्राच्या नोंदणीवर कर्नाटकातलं काम केलंत तर आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लागते, आणि साईटवर कायमचं ऑफिस थाटलंत तर तिकडची वेगळी नोंदणी करावी लागेल. हे सीएला विचारून करा. मी टेंडरवाला आहे, सीए नव्हे.

डांबरी रस्त्याच्या कामाला हॉटमिक्स प्लांट कामापासून ठरावीक किलोमीटरच्या आत असावा, अशी अट दोन्हीकडे दिसते. सीमेवरच्या माणसाला याचा फायदा होतो. चंदगडचा प्लांट बेळगाव तालुक्यातल्या कामाला जवळच पडतो. अट अंतराची आहे की राज्याची, ते मात्र नीट वाचा.

रिंग

ज्याला आपण "टेंडर मॅनेज झालं" म्हणतो ते दोन्हीकडे आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पहिल्या मागणीत तीन निविदा हव्यात म्हणून सपोर्टची, म्हणजे नुसती संख्या भरायला नावापुरती, टेंडरं भरायची प्रथा पडली. एकाच दुकानातून, एकाच कॉम्प्युटरवरून तिघांची टेंडरं जातात. पूर्वी कुणाला कळत नसे. आता आयपी पत्ता, ईएमडीचं खातं, कागद चढवल्याची वेळ हे सगळं नोंदलं जातं. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांत संगनमत केलं म्हणून स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये कंपन्यांना दंड ठोठावला, ते याच प्रकारावर. "माझं छोटं काम, मला कोण विचारतंय" म्हणणाऱ्याने तक्रारदार शेजारीच बसलेला असतो एवढं ध्यानात ठेवावं. मी स्वतः सपोर्ट टेंडर भरून देत नाही, आणि त्यापायी चार गिऱ्हाइकं गेली.

सीमेपलीकडची रिंग, म्हणजे आपसात ठरवून टेंडर भरणाऱ्यांची टोळी, तुम्हाला ओळखत नाही. पहिल्या टेंडरला कोणी फोन करत नाही, दुसऱ्याला करतं. इथे काय करायचं ते मी सांगू शकत नाही.

बिल कधी निघतं

नियमांच्या तुलनेत हा विषय बसत नाही, पण ठरवणाऱ्याला हाच हवा असतो. महाराष्ट्रात थकलेल्या देयकांसाठी ठेकेदारांच्या संघटना २०२५ मध्ये रस्त्यावर उतरल्या. कर्नाटकातल्या संघटनाही हजारो कोटींच्या थकबाकीवरून सरकारशी भांडतायत. म्हणजे "तिकडे बिलं लगेच निघतात" ही जी वार्ता आपल्याकडे फिरते ती सासरच्या कौतुकासारखी आहे, लांबूनच बरी.

थकलेल्या पैशाचा वाद झाला तर घरच्या कराराचं एक कलम माहीत असू द्या. बी-१ च्या कलम ३० प्रमाणे वाद अधीक्षक अभियंत्यापुढे जातो. म्हणजे ज्या खात्याशी भांडण, त्याच खात्याचा वरचा साहेब पंच. आणि मंजूर परिमाणाच्या १२५ टक्क्यांच्या पुढे काम गेलं तर वरच्या भागाचा दर कलम ३८ प्रमाणे चालू दरसूचीवरून निघतो. बिलो गेलेल्याला हे कलम कधीकधी तारतं, म्हणून मोजमाप पुस्तिकेत वाढीव काम वेळच्या वेळी चढवून घ्या. तिकडे केडब्ल्यू दस्तऐवजात वादाची आणि वाढीव कामाची कलमं वेगळ्या रचनेची आहेत. ती सही करण्याआधी एकदा तरी वाचा, कारण आपल्याकडच्या पाठांतराचा तिथे उपयोग नाही.

गोव्याचंही कुणी विचारतं, विशेषतः दोडामार्ग-सावंतवाडीकडचे. तिथलं बांधकाम खातं केंद्रीय बांधकाम खात्याच्या वळणावर चालतं आणि दरसूची गोव्याची स्वतःची आहे. मजुरी आणि वाळू दोन्ही महाग. ज्याने कोकण रेल्वेची किंवा केंद्राची कामं केलीत त्याला तो ढाचा ओळखीचा वाटेल, बी-१ वर वाढलेल्याला नाही. गोव्यावर वेगळं लिहावं लागेल.

मग कुणी कुठे भरावं

हातात कामं कमी, उलाढाल बरी, दरांचं पृथक्करण करता येतं आणि बिलोच्या शर्यतीचा कंटाळा आलाय, अशा माणसाने पलीकडे भरावं. त्याला केटीपीपीचं अपील आणि मुदतीचे नियम खरोखर उपयोगी पडतील. काम एक कोटीच्या जरा वरचं बघावं, तिथे आरक्षणाचा प्रश्न येत नाही. अर्थात ते विधेयक लागू झालं तर ही रेषा दोन कोटींवर सरकेल.

हातात कामं भरपूर पण दाखले अडकलेले, अशाने यंदा तिकडे जाऊ नये. दीडच्या गुणकात तो बसणारच नाही, उगाच टेंडर फी जाईल.

आणि जो इथे वीस टक्के बिलो जाऊन तगून राहिलाय त्याने मुळीच जाऊ नये. त्याचा धंदा ओळखीच्या जेईवर (कनिष्ठ अभियंत्यावर), उधारीच्या सिमेंटवर आणि शेजारच्या क्रशरवर चालतो. यातलं काहीही सीमा ओलांडत नाही.

तो पोरगा या तिघांपैकी कोण, हे अजून ठरलेलं नाही. हातातली कामं अडीच कोटींची, असं तो सांगत होता. मी त्याची फाइल उघडली तर त्यातली दोन गेल्या पावसाळ्यातच पूर्ण झालेली निघाली, दाखले मात्र सब-डिव्हिजनच्या कपाटात पडून. ते धरले नाहीत तर बाकी कामं दीड कोटींच्या आत येतात आणि कर्नाटकातली त्याची ताकद तीन कोटींवर जाते. सोमवारी तो सब-डिव्हिजनला जाऊन बसणार आहे. संकेश्वरच्या बाजूच्या एका रस्त्याची शेवटची तारीख त्याच्यानंतर नऊ दिवसांनी आहे.